चाळीस स्टॉल आणि एकच पोट

पुण्यात मिसळ खायला बसलात आणि ‘सँपल आण रे’ म्हणालात, तर वेटर रश्श्याची वाटी आणून ठेवतो. नागपूरकर त्याला तर्री म्हणतो, कोल्हापूरकर कट. पुणेकराने मात्र इंग्रजी शब्द उचलून त्याला थेट वाटीतच बसवला. खाद्यमहोत्सवाच्या कमानीतून आत शिरताना मला हा शब्द हमखास आठवतो, कारण तिथे आपलं काम एवढंच असतं: वाटीभर सँपल घ्यायचं आणि पुढच्या स्टॉलकडे सरकायचं.

पहिल्या वेळी मला हे कळलं नव्हतं. आमच्या उपनगरातल्या मैदानावर आसपासच्या हॉटेलांचे चाळीसेक स्टॉल लागले होते. ऑफिसातून थेट गेलो, पोटात कावळे ओरडत होते, आणि गेटजवळच्या पहिल्याच स्टॉलवर चिकन बिर्याणीची फुल प्लेट घेतली. तिसऱ्या स्टॉलपाशी पोचेपर्यंत पाऊल उचलेना. सहाशे रुपयांच्या कुपनांपैकी दोनशेचाळीसची खिशातच राहिली. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळ त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापली होती, ती घरी आल्यावर वाचली.

त्यानंतर बरेच महोत्सव पालथे घातले. कुठे रहिवासी संघाने सोसायट्यांच्या मधल्या पटांगणात भरवलेला, कुठे पुण्याची भीमथडी जत्रा, कुठे वेसाव्याच्या कोळीवाड्यातला सी फूड फेस्टिव्हल, कुठे बचत गटांचं महालक्ष्मी सरस. पुढे लिहितोय ते मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे जिथे तुमच्याच भागातली हॉटेलं, खानावळी आणि पोळीभाजी केंद्रं दोन-तीन संध्याकाळी एका मैदानात स्टॉल लावतात. जत्रांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

सगळ्यात आधी: हे शिजलंय कुठे?

प्रत्येक स्टॉलसमोर मी हा एकच प्रश्न मनात धरतो. हॉटेलच्या भटारखान्यात मोठ्या शेगड्या असतात, ओटा असतो, हाताशी पाणी असतं. मैदानात असतात दोन सिलिंडर, एक पत्र्याचं टेबल आणि ज्योत सारखी आडवी पाडणारा वारा. म्हणजे रोज छान बनणारा पदार्थ इथेही छान बनेलच असं नाही. तो प्रवास सोसणारा आहे का, हे बघायचं.

काही पदार्थ प्रवासात मुरतात. मटकीची उसळ, सुकं मटण, काळ्या मसाल्याची आमटी, पुरण सकाळी हॉटेलात झालं आणि संध्याकाळी इथे उकळी फुटेपर्यंत गरम केलं, तरी त्यांचं काही बिघडत नाही, उलट चव आणखी मुरते. काही पदार्थ अर्धे तिथे आणि अर्धे इथे होतात: वड्यांचं पीठ मळून आणलंय पण तळण समोर, थालीपिठाची भाजणी डब्यातून पण थापणं समोर, माशाला मसाला सकाळीच चोळलाय पण तवा इथला. महोत्सवात माझे निम्म्याहून जास्त पैसे या दुसऱ्या प्रकारावर जातात.

आणि काही पदार्थ मैदानात तग धरत नाहीत. चायनीज हे त्यातलं पहिलं नाव. नूडल्सला कढई लालबुंद तापलेली लागते. वाऱ्यात लपलपणाऱ्या ज्योतीवर भाज्यांना पाणी सुटतं आणि नूडल्स परतण्याऐवजी शिजत बसतात. आधीच करून एकावर एक रचलेले डोसे, परातीत डोंगर करून ठेवलेली कांदाभजी, दिव्याखाली ठेवलेले समोसे यांच्याकडे मी बघतही नाही. हॉटेल कितीही नावाजलेलं असो.

बिर्याणी मधल्या वर्गात बसते. हंडी बंद असेपर्यंत ती राजासारखी असते. पण दर दोन मिनिटांनी झाकण निघत राहिलं की वाफ जाते, वरचा भात फडफडीत कोरडा होतो आणि तळाचा गिच्च. ‘दादा, ही हंडी आत्ताच फोडली का?’ असं सरळ विचारावं. थोड्या वेळात दुसरी उघडणार असेल तर तेही सांगतात, मग फेरी मारून यायचं.

जायच्या आधी

उपाशीपोटी जाऊ नका. माझा मूळ गुन्हा तोच होता. चार-साडेचारला एखादं केळं किंवा मूठभर दाणे खाल्ले की डोळ्यांची भूक आवरते. दुपारचं जेवण मात्र हलकं ठेवावं, वरण-भातावर भागवावं.

टोळी चौघांची असावी. दोघं असलं की चार पदार्थांत पोट भरतं, आणि सहाजण झाले की कोण कुठे गेलंय हे शोधण्यात संध्याकाळ जाते. हिशेब सोपा आहे. एका प्लेटीत माणशी दोन-तीन घास येतात. आठ प्लेटा घेतल्या तरी प्रत्येकाच्या पोटात दोनच प्लेटा गेलेल्या असतात, आणि जिभेवरून आठ पदार्थ. चौघांपैकी एकजण तिखट न खाणारा असेल तर उत्तमच, कारण त्याचं मत शेवटपर्यंत शाबूत राहतं.

सोबत काय न्यायचं: प्रत्येकी एक स्टीलचा चमचा (लाकडी चमच्याला स्वतःची एक चव असते आणि पांढऱ्या रश्श्यात ती लगेच कळते), दोन रिकाम्या वाट्या, झाकणाचा एक डबा, पाण्याची बाटली, हात पुसायला जुना पंचा. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी द्रोण किंवा कागदी वाट्या मिळतात. त्यात गरम रस्सा पाच मिनिटं राहिला की तळ मऊ पडतो. स्वतःची वाटी पुढे केली की स्टॉलवाल्या काकू खूश होतात आणि अर्धा डाव जास्त पडतो, असा माझा अनुभव आहे. ज्याने त्याने पडताळून बघावा.

दहा-वीसच्या नोटा ठेवाच. हजारो माणसं एका मैदानात मोबाइल काढून उभी राहिली की नेटवर्क बसतं आणि यूपीआयचं चाक फिरतच राहतं. मागे पंधराजणांची रांग आणि हातात गरम प्लेट, अशी ती वेळ असते. कुपनांची पद्धत असेल तर पहिल्यांदा थोडीच घ्या. दुसऱ्यांदा रांगेत उभं राहायला लागलं तरी चालेल, पण माझ्यासारखी दोनशेचाळीसची रद्दी घरी येणार नाही.

कधी जायचं

दारं उघडताच जाण्यात अर्थ नसतो. तेल तापलेलं नसतं, कुणाचा सिलिंडर यायचा असतो, कुणाच्या बॅनरची दोरी सुटलेली असते. साधारण तासाभराने सगळे हातावर येतात. साडेआठनंतर झुंबड उडते, प्लेटी घाईत भरल्या जातात आणि वडे आतून कच्चे राहायला लागतात. म्हणजे सहाला सुरू होणाऱ्या महोत्सवात सात ते साडेआठ ही खरी वेळ.

तीन दिवसांचा असेल तर पहिला दिवस गोंधळाचा. शेवटच्या रात्री माल संपवायची घाई असते, तेलही थकलेलं असतं. मधला दिवस धरावा.

पहिली फेरी कोऱ्या तोंडाने

सगळ्यात अवघड पायरी हीच. आत शिरल्यावर वीस मिनिटं काहीही न खाता पूर्ण मैदान फिरायचं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या हातात उकडलेलं कणीस द्या आणि चालत राहा.

या फेरीत पाटीपेक्षा हात बघायचे. तव्यामागे उभा असलेला माणूस हॉटेलातला नेहमीचा आहे की चार दिवसांसाठी बोलावलेला पोरगा, ते त्याच्या हालचालीवरून कळतं. रोज वडे थापणाऱ्या बाईची नजर गिऱ्हाइकाकडे असते आणि हात आपोआप चालतात. तेलाचा रंग बघायचा. चहासारखा गडद झालेला, वर बारीक चिवट फेस धरणारा, घाणा सोडायच्या आधीच धुरावणारा असेल तर पुढे चला. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जे ध्रुवीय घटक साठतात, त्यांवर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण नाक असतं.

यादी लांबलचक असलेल्या स्टॉलपासून मी चार हात दूर राहतो. दोन शेगड्यांवर बावीस पदार्थ होत नाहीत. ‘आमच्याकडे तीनच पदार्थ आहेत’ म्हणणारी खानावळ बहुतेक वेळा बाजी मारते.

फेरी संपली की चौघांनी एका कोपऱ्यात उभं राहून आठ पदार्थ नक्की करायचे. मग एकाने टेबल किंवा कट्टा धरायचा आणि तिघांनी तीन रांगा. सगळे एकाच रांगेत गप्पा मारत उभे राहिलात तर संध्याकाळ रांगेतच संपेल.

कशानंतर काय

सौम्य आधी, जहाल नंतर. नियम जुना आहे, पण महोत्सवात तो हमखास मोडतो, कारण नागपुरी सावजीच्या झणझणीत रश्श्याचा वास लांबवर येतो आणि आंबोळीला वासच नसतो. माझा क्रम असा: आधी वाफवलेलं किंवा फिकं (आंबोळी, घावन, पानगी), मग दुधा-नारळाचं (पांढरा रस्सा, मोरी माशाचं सौम्य कालवण), मग तव्यावरचं, मग तळलेलं आणि शेवटी मिसळ, तांबडा, सावजी. सावजी एकदा जिभेवर बसला की पुढचा अर्धा तास सगळं सारखंच लागतं.

तिखट लागलं की पाणी पिऊन उपयोग होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते फक्त तोंडभर पसरवतं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून नेतं, म्हणून ताक, दही, एखादा घोट मठ्ठा कामी येतो. सोलकढीही बरी, नारळाच्या दुधातली चरबी मदतीला येते. बाटलीतला थंडगार सोडा मात्र जाळ वाढवतो आणि पोटही भरतो. आमच्या टोळीत तो रात्री परत निघेपर्यंत वर्ज्य आहे.

गोड शेवटीच घ्यावं असं काही नाही. चौथ्या-पाचव्या पदार्थानंतर अर्धी पुरणपोळी घेतली की जीभ ताजी होते.

घास कसा घ्यायचा

पहिला घास कोरा. लिंबू, कांदा, चटणी काही नाही. लिंबू पिळलं की कच्चा राहिलेला मसालाही चांगला लागायला लागतो. दुसरा घास सगळं घालून. तिसरा घास असलाच तर तो तुमच्या आनंदाचा.

मिसळ आली की कालवू नका. आधी चमचाभर कट नुसता प्या. त्यात भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची चव आली पाहिजे. खोबरं करपलेलं असेल तर घशाशी कडवटपणा रेंगाळतो आणि तो फरसाणाखाली लपवलेला असतो. मग दोन दाणे मटकीचे, ते बोटाने दाबले की फुटायला हवेत पण लगदा व्हायला नको. फरसाण सगळ्यात शेवटी. त्याचा मिसळीच्या पारखीशी संबंध नाही, ते बाजारातून आलेलं असतं.

पांढरा रस्सा घ्यायचा तर भांड्याशीच उभं राहून, फुंकर मारत प्यायचा. मटणाचा अळणी रस्सा आणि त्यात नारळाचं दूध, असं ते नाजूक प्रकरण. टेबलापर्यंत नेऊन फोटो काढेपर्यंत वर चरबीची साय धरते, आणि मग तुम्ही त्या हॉटेलला नावं ठेवता. उकळत असेल आणि दूध फुटून कण दिसत असतील तर चूक स्टॉलची. निवला असेल तर चूक तुमची.

कोंबडी-वड्यातला वडा तळून झाल्यावर दहाएक मिनिटंच फुगलेला राहतो. ‘मावशी, आता पडतील तेच द्या, थांबतो आम्ही,’ एवढं म्हणायला लाजू नये. वडा हातात घेऊन फोडा, आत धने-मेथीचा वास आला पाहिजे. कोंबडीचा रस्सा मागाहून.

कोळणींच्या स्टॉलवर बोंबील घ्याच. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. वजनाखाली दाबून ते पाणी काढलेलं असेल तर तव्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा राहतो, नाहीतर रव्याचं पांघरूण तव्यावर आणि मासा ताटात अशी फारकत होते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैचे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांतल्या महोत्सवात कुणी ‘आजची ताजी सुरमई’ म्हणालं तर हसून पुढे जावं.

खानदेशी स्टॉल लागला असेल तर मी तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि खाण्याआधी नुसता बघत उभा राहतो. मांडे करणारी बाई पुरण भरलेली गोळी आधी लाटते, मग दोन्ही हातांवर घेते. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपराकडे झुलवत झुलवत ती पोळी एवढी पातळ आणि मोठी होते की खालचा हात आरपार दिसतो. मग एका झटक्यात ती पालथ्या खापरावर जाते. उलटायला दोघी लागतात असं वाटतं, पण ती एकटीच करते. भोवती मोबाइल धरलेली तीस माणसं असतात आणि ती कुणाकडे बघत नाही. तो मांडा घडी घालून हातात येतो तेव्हा कडा कुरकुरीत आणि मध्य ओलसर असतो. चौघांत एक पुरतो. तूप मागून घ्या.

शेजारीच भरीत असेल. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते हिरवट, मोठं, कमी बियांचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं की जो धुरकट वास लागतो तो गॅसवर येत नाही. मैदानात काड्या पेटवू देत नाहीत, त्यामुळे ‘भाजून आणलंत का?’ हे विचारावं. भाजून आणलेलं चालतं, हा पदार्थ प्रवास सोसतो. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असेल तर तुमचं नशीब.

पोट सांभाळायचं तर

गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली. या दोन आकड्यांच्या मधल्या उबेत जंतू भराभरा वाढतात. सोपी खूण म्हणजे वाढताना वाफ दिसली पाहिजे. कोमट मटण घेऊ नका, ‘जरा उकळी काढून द्या’ म्हणा.

मला स्वतःला भीती वाटते ती मांसाहारापेक्षा ओल्या चटणीची, चिरून ठेवलेल्या फळांची आणि बर्फाची. पाणीपुरीचं पाणी आणि उसाचा रस यांबाबत ज्याची त्याची श्रद्धा. एकदा एका स्टॉलवर कांदा धुतलेल्या बादलीतच चमचे विसळताना पाहिले, तेव्हापासून घरचा चमचा नेतो.

स्टॉलवर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक लावलेला असावा. परवानाधारक हॉटेलचा क्रमांक 1 ने सुरू होतो, छोट्या नोंदणीकृत व्यावसायिकाचा 2 ने. तो असला म्हणजे चव चांगली असं नाही, पण नसला तर विचारावं.

ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी मराठी स्टॉलवर विशेष जपावं. दाण्याचं कूट कुठे असेल याचा नेम नाही, भरीत, ठेचा, आमटी, कोशिंबीर सगळीकडे. ‘यात कूट आहे का?’ असाच प्रश्न करा. ‘ॲलर्जी चालेल का’ म्हटलं तर गर्दीत कुणीही मान डोलावतं. शाकाहारी मंडळींनी तवा आणि उलथनं वेगळं आहे का तेवढं डोळ्यांनी बघून घ्यावं.

मागायची रीत

हाफ प्लेट पाटीवर नसली तरी बहुतेक जण देतात, फक्त गर्दी नसताना विचारा. चटणी, लोणचं, मसाला, शेव असा विकतचा माल चाखायला मागणं रीतीला धरून आहे. सुरमईचा तुकडा चाखायला मागणं नाही. आणि बचत गटाच्या स्टॉलवर चार चटण्या चाखून ‘येतो हं परत’ म्हणत सटकणाऱ्यांपैकी होऊ नका. त्या बायका भाडं भरून, कधीकधी रात्रभर एसटीने प्रवास करून आलेल्या असतात. पन्नासची एक पुडी घ्या.

गर्दी ओसरली की एक प्रश्न जरूर विचारा: ‘हॉटेलात हे रोज मिळतं का?’ काही ठिकाणी उत्तर येतं, ‘नाही, हे खास फेस्टिव्हलसाठी.’ मग तुम्ही चाखलं ते त्या हॉटेलचं सँपलच नव्हतं, कुणीतरी चार दिवसांसाठी बसवलेला कार्यक्रम होता. यादीतून तेवढं नाव कमी करायचं.

घरी आल्यावर

प्रत्येक स्टॉलवर पाटीचा एक फोटो काढायचा, पदार्थाचा नाही. पदार्थाचे फोटो सगळे सारखेच लाल दिसतात. पाटीच्या फोटोखाली चार शब्द लिहायचे. माझ्या मोबाइलमधल्या नोंदी अशा असतात: ‘कट छान, पाव शिळा.’ ‘वडे मावशी असतील तरच.’ ‘मटण मऊ, मीठ जास्त, दही घ्यावं लागलं.’ चौघांनी एकमेकांचं न बघता लिहावं आणि रिक्षात वाचून दाखवावं. निम्म्या वेळा भांडण होतं.

मग दोन आठवड्यांच्या आत, एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, त्यातल्या पहिल्या दोन हॉटेलांत जाऊन तोच पदार्थ मागवायचा. मैदानातल्या भावाशी ताडून बघायचं, कारण तिथे भाड्यापायी प्लेट लहान आणि महाग असते. मागच्या हिवाळ्यात आम्ही असंच एका खानावळीत गेलो, बसस्टँडमागच्या गल्लीत, सहा टेबलं. मैदानात त्यांचा पांढरा रस्सा मी निवलेला प्यायलो होतो आणि ‘बरा’ एवढंच लिहिलं होतं. इथे तो स्टीलच्या वाटीत आला, वाटीला हात लावता येईना इतका कढत. दुसरी वाटी मागितली. वाढणारा पोरगा म्हणाला, ‘अजून घ्या की, त्याचे पैसे नसतात.’